दर भोकी चाळीस डॉलर

मंगळवारी संध्याकाळी, अग्निशमन दलाच्या वरच्या खोलीत
आम्ही सातजण, कॉफीचा एक थर्मास
आणि अकरा हजार चारशे डॉलर.
आयोवातलं हे नदीकाठचं गाव स्वतःला शहर म्हणवतं,
कारण कुठल्याशा जुन्या कागदावर तसं लिहिलंय.
माझं आडनाव इथे कुणाच्या जिभेवर बसत नाही,
पण बेरीज बरोबर येते,
म्हणून मी खजिनदार.

नव्या पार्किंगच्या बांधकामातून शेकडा एक टक्का कलेला,
असा ठराव झाला होता, बऱ्या दिवसांत.
बरे दिवस गेले. ठराव राहिला.
रद्द करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

लॉरेटा व्हॅनझान्टे आली,
बुटांवर वेल्डिंगचे डाग.
तिनं टेबलावर शिंपला ठेवला,
आपल्याच नदीतला, बटणं कापून घेतलेला:
गोल गोल भोकं,
आणि भोकांच्या मधे उरलेलं
चाळणीसारखं चकाकतं हाड.
"बटणं गेली जगभरच्या सदऱ्यांवर," ती म्हणाली,
"उरलं ते तुमच्याकडे आहे."
तिला तो पोलादात करायचा होता,
माणसाच्या उंचीचा. साठ भोकं.

ड्वेन हॉफस्टेटर उठला.
हिवाळ्यात बर्फ ढकलणारा ट्रक चालवतो तो,
रस्त्याचा प्रत्येक दात त्याच्या कमरेला ठाऊक.
"भोकंच हवीत तर सातव्या रस्त्यावर चला.
तिथे फुकट आहेत."
खोली हसली. मीही हसले.
आधी पोटोबा, मग विठोबा:
दोन्ही न पाहिलेला माणूस
मला माझीच म्हण ऐकवत होता.

मी कॅल्क्युलेटर काढला.
पाया, क्रेन, विमा,
पक्ष्यांची घाण धुण्याचा वार्षिक खर्च,
जो रकाना माझ्याशिवाय कुणी भरत नाही.
आणि लेझरनं भोक पाडणं, दर भोकी चाळीस डॉलर.
नऊशे वीस कमी पडत होते.
"मग तेवीस भोकं कमी करू," अध्यक्ष म्हणाले.
इतिवृत्तात लिहिलं: भोकं, सदतीस.
लॉरेटा खिडकीबाहेर बघत राहिली,
तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

रात्री झोप येईना.
आई तुटलेली बटणं बोर्नव्हिटाच्या डब्यात साठवायची,
कुठलंच बटण कधी कुठल्या सदऱ्याशी जुळलं नाही.
त्यातलं एखादं इथलं असेल का?
नसेल. प्लॅस्टिकची होती ती.
तरी सकाळी तिला फोन करून विचारलंच.
ती म्हणाली, डबा मागच्याच वर्षी दिला बोहारणीला.

शनिवारी ड्वेन माझ्या खिडकीशी आला,
वीसच्या दोन नोटा, घडी घातलेल्या.
"आजी आठ वर्षं कापायच्या यंत्रावर होती.
एक बोट तिथंच राहिलं तिचं.
एक भोक तिच्या नावावर घाल.
खड्ड्यांचं बोललो ते मात्र बोललो."
मी पावती फाडली:
भोक, नग एक.

मग कसं कोण जाणे, कळलं सगळ्यांना.
शाळेच्या बँडनं दोन घेतली,
खाटकानं एक, धुलाईघरातल्या बायकांनी वर्गणी काढून तीन.
फाटक्या खिशाचं शहर
रांग लावून भोकं विकत घेत होतं.
ईस्टरपर्यंत बावीस झाली.
मग थांबली.

तेविसावं मी देऊ शकले असते.
समितीच्या सदस्यानं देऊ नये, असा नियम आहे.
कलम चार. मीच लिहिलंय.

आता तो ग्रंथालयासमोर उभा आहे.
जानेवारीच्या सकाळी बर्फावर
उन्हाचे एकोणसाठ तुकडे पडतात,
पोरं त्यांवर उड्या मारतात, बूट ओले करतात.
डावीकडे, खाली, लॉरेटानं साठाव्या जागी
खडूनं वर्तुळ काढलं होतं, ते पावसात गेलं.
जाता येता मी तिथे हातमोजा काढून बोट टेकते.
गार लागतं, दुसरं काही नाही.

हिशेब तपासून झाले, जुळले.
सातव्या रस्त्यावरची भोकं
अजून कुणी मोजलेली नाहीत.